ओमंतै ते थाळनेर : मामांबरोबर खानदेशात

दिवस पहिला : भुसावळ, बामणोद

मामांनी श्रीलंकेतल्या जाफन्याची रेल्वे बांधली असं आमच्या घरात सगळे सांगतात, आणि मामा दर वेळी चिडतात. "बांधली इंग्रजांनी, उखडली लढणाऱ्यांनी, आम्ही परत टाकली," एवढं बोलून विषय मिटवतात. या वेळी विषय मिटू द्यायचा नाही असं ठरवूनच मी भुसावळला उतरले. मामांना कधीपासून थाळनेर बघायचं होतं. त्यांच्या गाडीच्या स्टिअरिंगला मामींनी त्यांना हात लावू देणं बंद केलंय, त्यामुळे ड्रायव्हर मी. धरणगाव, धुळे करत थाळनेरला पोचायचं, एवढाच बेत.

निघालो यार्डाच्या कडेनं. मुंबईकडून येणारी लाइन इथं फुटते, एक इटारसीकडं, एक नागपूरकडं. मामा इथं पीडब्ल्यूआय होते. म्हणजे ठरलेल्या टापूतले रूळ, स्लीपर, गिट्टी आणि गँगमन, सगळ्यांचा भार त्यांच्या डोक्यावर. निवृत्तीनंतर ते इरकॉन या भारत सरकारच्या बांधकाम कंपनीच्या कामावर श्रीलंकेला गेले आणि याळ देवी ही गाडी जाफन्याला पोचल्यावरच परत आले.

"तिथं गेल्यावर पहिल्यांदा काय दिसलं?"

"काही नाही. ओमंतैच्या पुढं रूळच नव्हते तर दिसणार काय?"

ओमंतै वावुनियाच्या उत्तरेला. तिथून पल्लैपर्यंतचा सुमारे ९० किलोमीटरचा पट्टा मामांच्या वाट्याच्या कामात होता. कोलंबोहून जाफन्याला जाणारी याळ देवी १९९० मध्ये बंद पडली, ती पडलीच. सरकार आणि तमिळ वाघ (एलटीटीई) यांच्यातल्या पुढच्या जवळपास दोन दशकांच्या लढाईत रूळ आणि स्लीपर उपसले गेले आणि बंकरांच्या छतांना लागले. मामांना याचा राग नाही. उलट त्यांचा सूर एखाद्या कारागिराला दाद दिल्यासारखा असतो: रुळांचं छत, वर माती, सहजासहजी कोसळत नाही.

रूळ टाकण्याआधी जमीन साफ करायची होती. मे २००९ मध्ये युद्ध संपलं तेव्हा उत्तरेत जागोजागी सुरुंग पेरलेले होते. ते काढायला श्रीलंकेचं लष्कर होतं, ब्रिटनची हॅलो ट्रस्ट आणि मॅग होती, भारतातून गेलेली माजी सैनिकांची पथकं होती. मामांनी एका बाईचं वर्णन केलं, ते मी जसंच्या तसं टिपून घेतलं. अंगात निळं जड जाकीट, तोंडावर पारदर्शक ढाल, गुडघ्यांवर बसलेली. समोर दोऱ्या लावून आखलेली मीटरभर रुंदीची पट्टी. आधी कात्रीनं गवत कापायचं, एकेक पातं. मग यंत्र फिरवायचं. ते वाजलं की माती वरून नाही, बाजूनं खरवडत जायचं. अशी ती दिवसभरात एखाद्या खोलीएवढी जागा मोकळी करायची. या कामावर बायका पुष्कळ होत्या आणि त्यांतल्या कितीतरी जणींचे नवरे युद्धात गेलेले. पगार परदेशी देणग्यांतून. "आमचा सर्व्हेवाला तिच्या मागं मागं," मामा म्हणाले. "ती थांबली की सगळं काम थांबायचं. जनरल मॅनेजर आला तरी तिच्या पुढं पाऊल टाकायची त्याची टाप नव्हती." सुरुंगमुक्त श्रीलंकेची मुदत नंतर अनेकदा पुढं ढकलली गेली. ते काम त्याच वेगानं होतं.

या रेल्वेसाठी भारतानं दिलेले ८० कोटी डॉलर हे कर्ज होतं. सवलतीचं, पण कर्जच. घरांसाठी दिलेला पैसा मात्र अनुदान. मामा ही दोन खाती एकत्र करू देत नाहीत. वर्तमानपत्रात 'भारताची मदत' अशा एकाच शब्दात दोन्ही येतं तेव्हा ते पानाच्या समासात पेन्सिलनं प्रश्नचिन्ह काढतात, मामींनी मला दाखवलंय. किलिनोच्चीपर्यंत गाडी सप्टेंबर २०१३ मध्ये गेली, जाफन्याला १३ ऑक्टोबर २०१४ ला. गेज आपलंच, १६७६ मिलिमीटर. जाफना स्टेशनावर त्या दिवशी म्हाताऱ्या माणसांनी इंजिनाला हात लावून नमस्कार केले, हे सांगताना मात्र मामांचा चिडका सूर जरा उतरला.

संध्याकाळी बामणोदला मामांच्या मित्राच्या शेतात भरीत. डिसेंबरात खानदेशात कुणी तुम्हाला भरिताशिवाय सोडलं तर समजा तुमचं काहीतरी बिनसलंय. पांढरट हिरवी, हातभर वांगी पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेली, लाकडी भांड्यात मिरची-लसणाबरोबर ठेचलेली, वर कांद्याची पात, आणि सोबत कळण्याची भाकरी. पानावरून उठायच्या आधी मित्रानं विचारलं, "रेल्वे झाली, ते बरं झालं. पण लोकांना आपापली जमीन परत भेटली का?"

मामा म्हणाले, सगळ्यांना नाही. जाफन्याजवळच्या पलालीच्या आसपासची मोठी शेतजमीन लष्करानं अतिसुरक्षित क्षेत्र म्हणून अडवली होती आणि ती तुकड्या तुकड्यांनी सुटत राहिली. कांकेसंतुरैपर्यंत गाडी जानेवारी २०१५ मध्ये पोचली, पण गाडीच्या खिडकीतून आपलं शेत बघणारा माणूस त्या शेतात जाऊ शकत नव्हता.

"मग काय उपयोग," मित्र म्हणाला आणि भाकरीचा आणखी एक चतकोर मामांच्या ताटात टाकला.

दिवस दुसरा : धरणगाव

जळगावला नुसता चहा. तिथून धरणगाव. रस्त्यात कापसानं लादलेले ट्रॅक्टर, मागं उडणारा कापूस, आणि मामांची झोप.

धरणगावला मामांचे शाळासोबती राहतात. सैन्यात इंजिनिअर्समध्ये होते, सुभेदार होऊन परतले. सगळा गाव त्यांना सुभेदारच म्हणतो. १९९३ मध्ये ते संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत मोझांबिकला होते. मामा आणि ते समोरासमोर बसले की दोघांमध्ये अघोषित स्पर्धा लागते, कुणाचा देश जास्त मोडलेला होता याची.

आधी गावातलं बघून घेतलं. म्हणजे बघण्यासारखं फार राहिलेलं नाही, पण जे घडलं ते इथं घडलं. १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती खानदेश आला तेव्हा तो जवळजवळ उजाड होता. १८०२ मध्ये होळकरांच्या फौजा इथून गेल्या, पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ, मग पेंढारी, मग पगार थकलेले अरब शिपाई. गावंच्या गावं ओस. मराठे सरदारांच्या आपसातल्या लढायांना आपण पुस्तकात यादवी म्हणतो, पण यादवी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर पुणं येतं. यावल, चोपडा, एरंडोल येत नाही. भिल्ल पूर्वी गावांचे जागले होते, त्यांना गावाकडून हक्क मिळायचे. गावच उठलं तेव्हा हक्क बुडाले आणि ते डोंगरात गेले. मग खाली उतरायचे ते लुटायला.

इंग्रजांनी आधी काही वर्षं फौजा पाठवून भिल्लांना मारलं. त्यानं काही होईना, तेव्हा १८२५ मध्ये भिल्ल एजन्सी काढली आणि जेम्स आउट्रॅम या तरुण अधिकाऱ्यानं धरणगावला भिल्लांचीच पलटण उभी केली. त्यांच्याबरोबर शिकार केली, त्यांच्यात राहिला, पगार वेळेवर दिला. बाकीच्यांना शेतीसाठी तगाई आणि बियाणं. ज्यांच्या हातात हत्यार होतं त्यांनाच हत्यार आणि पगार देऊन रखवालीला बसवायचं, ही युक्ती.

सुभेदार हसले. "आज याला तीन अक्षरी नाव आहे. डीडीआर. हत्यार घ्या, फौज मोडा, माणूस वस्तीला लावा."

मोझांबिकची गोष्ट त्यांनी सांगितली ती अशी. फ्रेलिमोचं सरकार आणि रेनामोचे बंडखोर यांच्यात ४ ऑक्टोबर १९९२ ला रोममध्ये करार झाला. सोळा वर्षांची लढाई. दोन्ही बाजूंचे शिपाई ठरवून दिलेल्या छावण्यांत आले, हत्यारं जमा केली आणि ९० हजारांच्या आसपास माणसं फौजेतून मोकळी झाली. आता एवढ्या माणसांचं करायचं काय? देणगीदार देशांनी एकत्र पैसा काढला आणि प्रत्येकाला दोन वर्षं पगार द्यायचा ठरवला. पहिले सहा महिने सरकारकडून, पुढचे अठरा महिने देणग्यांतून. यात मेख एकच होती. शिपायानं आपण कुठल्या जिल्ह्यात राहायला जाणार ते आधी सांगायचं, आणि पैसे त्या जिल्ह्यातल्याच बँकेत मिळणार. त्यामुळे माणूस राजधानीत घोळका करून बसला नाही. तो घरी गेला, दर दोन महिन्यांनी बँकेत आला आणि मधल्या काळात, करायला दुसरं काही नाही म्हणून का होईना, शेत नांगरलं.

"तज्ज्ञ म्हणत होते पैसे हातात देऊ नका, दारू पितील. कोर्स द्या, सुतारकी शिकवा," सुभेदार म्हणाले. "काहींनी प्यायलीच. पण पुन्हा जंगलात फारसं कुणी गेलं नाही."

यावर मामांनी लायबेरिया काढला. वाचनाच्या जोरावर. तिथं २००३ नंतर हत्यार जमा करणाऱ्याला ३०० डॉलर मिळणार होते. पहिल्याच छावणीत पैशावरून दंगल झाली. शेवटी लाखाच्या वर लोकांनी आपण लढवय्ये म्हणून नाव लावलं, आणि बंदुका जमल्या २८ हजारांच्या आसपास. सुभेदार म्हणाले, त्यात बायका-पोरंही होती, फौजेत स्वयंपाक करणारी, ओझी वाहणारी, त्यांच्याकडं बंदूक कुठून येणार? मामा म्हणाले, ते बरोबर, पण साडेतीनपट? त्यावरून दोघं तासभर भांडले. मी तोवर सुभेदारकाकूंबरोबर अंगणात उन्हात बिबडे पालटून घेतले.

मला या दोघांना एक विचारायचं होतं, ते जेवताना विचारलं. भिल्ल पलटण आणि मोझांबिकचा पगार एकाच माळेत कसे ओवता? आउट्रॅम जिंकलेल्याचा माणूस होता, त्याला महसूल हवा होता. सुभेदारांनी मान डोलावली. मामा म्हणाले, "पैसे देणाऱ्याला काहीतरी हवंच असतं. आम्ही रूळ टाकत होतो तेव्हा पलीकडं जाफन्याला जाणारा ए-नाईन रस्ता चीनच्या कर्जावर होत होता. दोघांना काय जाफन्याच्या लोकांचा कळवळा होता?" मग थोडं थांबून, "पण रस्त्यावरून लोकच जातात." हे मला पटलं नाही, अजूनही नाही. सेंधवा घाटाची रखवाली केलेला खाज्या नाईक १८५७ मध्ये त्याच इंग्रजांविरुद्ध उठला आणि १८५८ मध्ये आंबापाणीला भिल्लांची मोठी लढाई झाली. पगारावर बसवलेली शांतता तेहेतीस वर्षं टिकली की तेहेतीस वर्षंच टिकली, हे कुणाच्या बाजूनं मोजायचं यावर आहे.

अमळनेर ओलांडलं आणि कानावर अहिराणी पडायला लागली. टपरीवर पोरानं विचारलं, "कथा चालनात आप्पा?" मामांचा चेहरा खुलला. भुसावळकडं लेवा बोली, त्यांना अहिराणी बोलायला मिळत नाही.

दिवस तिसरा : धुळे आणि पांझरेचा पाट

धुळ्यात रस्ता विचारला की लोक आकडे सांगतात. गल्ली नंबर चार, गल्ली नंबर सहा. जुन्या शहरांत असं नसतं, तिथं गल्ल्यांना जातींची, धंद्यांची, देवांची नावं असतात. धुळ्यात पेठेला आकडे आहेत, कारण हे गाव कागदावर आखून वसवलेलं आहे.

वसवलं जॉन ब्रिग्जनं. खानदेशचा पहिला पोलिटिकल एजंट. तेव्हाचं धुळे म्हणजे नदी आणि पाट यांच्यात दाबून बसलेलं लहानसं गाव, भोवती बागायत. ब्रिग्जनं ते मुख्य ठाणं ठरवलं आणि १८१९ मध्ये कचेऱ्या बांधायची परवानगी मिळवली. लांबून कारागीर आणले. आणि लोकांना काय दिलं, तर घरासाठी जागा, कायमची बिनभाड्याची, आणि पक्कं घर बांधायला आगाऊ रक्कम. नव्यानं येणाऱ्याला आणि जुन्या रहिवाशालाही. घर ज्याचं त्यानं बांधायचं.

मामा गल्ली नंबर पाचच्या तोंडाशी उभे राहून म्हणाले, "हे तर आमचं ओनर-ड्रिव्हन."

ही त्यांची सर्वांत आवडती गोष्ट आहे, रेल्वेपेक्षाही. भारतानं जून २०१० मध्ये श्रीलंकेला ५० हजार घरं बांधून द्यायचं जाहीर केलं. एकूण १३७२ कोटी रुपयांचं अनुदान, आणि यात परतफेड नाही. पहिली हजार घरं नमुन्यादाखल ठेकेदारानं बांधली. पुढची ४५ हजार मात्र २ ऑक्टोबर २०१२ पासून वेगळ्या पद्धतीनं. प्रत्येक कुटुंबाच्या बँक खात्यात साडेपाच लाख श्रीलंकन रुपये, हप्त्यांनी. पाया झाला की एक, भिंती झाल्या की एक, छपराला एक. नकाशा, तपासणी आणि सल्ला द्यायला यूएन-हॅबिटॅट, रेडक्रॉस अशा संस्था. गवंडी शोधायचा घरच्यांनी, विटा आणायच्या घरच्यांनी, आणि ओटा कुठल्या बाजूला ते ठरवायचंही घरच्यांनी.

मामा सुटीच्या दिवशी किलिनोच्चीच्या आसपास ही घरं बघत फिरायचे. त्यांना आठवतं ते एका विधवा बाईचं घर. हप्त्याच्या पैशातून तिनं ठरलेल्यापेक्षा एक खोली वाढवून पाया घातला, कारण मुलीचं लग्न झालं की जावई तिथं राहणार. उत्तरेतल्या तमिळांमध्ये घर मुलीला देतात. तिच्याकडचे पैसे छपरापाशी संपले. मग सोन्याची साखळी गहाण, मग मायक्रोफायनान्स. सिमेंट महागलेलं, कारण एकाच वेळी हजारो घरं चालू. लाकूड मिळेना, वाळूला परवाना. वर्षभरानं मामा गेले तेव्हा छप्पर झालं होतं, गिलावा नव्हता, आणि दर आठवड्याला वसुलीला माणूस यायचा. पुढं तिथल्या बायकांची ही कर्जं एवढी साचली की २०१८ मध्ये सरकारला काही माफ करावी लागली.

"मग ठेकेदारानं बांधलेलं बरं नव्हतं का?" मी विचारलं.

"तिला विचार. ती जी वाढीव खोली होती ना, ती दाखवताना तिचा चेहरा तू बघायला हवा होतास."

परदेशी मदतीच्या हिशेबात हीच खोली कुठं बसत नाही. अहवालात ती 'मंजूर नकाशापासून विचलन' अशी येते. टोकियोत जून २००३ मध्ये श्रीलंकेसाठी मोठी परिषद झाली होती. पन्नासाच्या वर देश, साडेचार अब्ज डॉलरचं आश्वासन, अट अशी की शांततेची बोलणी पुढं सरकली तर पैसा. ज्यांच्याशी बोलणी करायची ते वाघच परिषदेला आले नाहीत. बोलणी फिसकटली, लढाई पुन्हा पेटली. साडेचार अब्जांनी जे झालं नाही ते पुढं सहा वर्षांनी तोफांनी झालं, आणि मेनिक फार्म या विस्थापितांच्या छावणीतल्या तंबूंत अडीच लाखांहून जास्त माणसं कोंबली गेली. मग पुन्हा मदत सुरू. पत्रे, बियाणं, ट्रॅक्टर, भारतीय लष्कराचं फिरतं रुग्णालय, जयपूर फूटचं शिबिर. मला वाटतं परिषदेत जाहीर झालेला आकडा आणि बाईच्या खात्यात पडलेला हप्ता यांत जे अंतर असतं, तेवढंच त्या देशाचं पुन्हा उभं राहणं लांबतं.

दुपारी साक्री रस्त्यानं पांझरेच्या काठी. मला फड बघायचा होता. नदीला दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाखाली गावाची जमीन तीन-चार फडांत वाटलेली. एका फडात एका हंगामाला एकच पीक, यंदा ऊस तर पुढं दुसरं. आणि प्रत्येक शेतकऱ्याची पट्टी शक्यतो प्रत्येक फडात. पाणी कमी आलं तर एक फड कोरडा ठेवायचा, म्हणजे सगळ्यांचं थोडं थोडं बुडतं, एकाचंच सगळं बुडत नाही. पाणी सोडायला पाटकरी, राखायला जागल्या. पाटकऱ्याच्या खांद्यावर फावडं होतं. त्यानं मातीचा बांध पायानं फोडला, पाणी आत घेतलं, ओंजळभर चिखल उचलून दुसरं तोंड बुजवलं. पाणी आपल्या सरीत वेळेआधी घेणाऱ्याला गावच दंड लावतं. ही व्यवस्था तीनशे वर्षांहून जुनी आहे असं मानतात. म्हणजे होळकर, पेंढारी, दुष्काळ, ब्रिग्ज, सगळे तिच्या डोक्यावरून गेले.

आता मात्र बरेच फड मोडलेत. वर धरणं झाली, विहिरी खोल गेल्या, ज्याचा पंप त्याचं पाणी.

मामांनी पाटकऱ्याला किलिनोच्चीच्या इरणमडू तलावाची गोष्ट सांगितली. युद्धानंतर त्याचे बांध आणि पाट परदेशी पैशानं दुरुस्त झाले. त्याच सुमारास आशियाई विकास बँकेच्या योजनेत इरणमडूचं पाणी जाफना शहराला न्यायचं ठरलं होतं. तलावाखालचे शेतकरी आडवे आले. आमचं पाणी, दुष्काळात आम्हालाच पुरत नाही. लढाईतून नुकती उठलेली माणसं, पण बँकेपुढं हटली नाहीत. शेवटी योजना बदलली आणि जाफन्यासाठी समुद्राचं पाणी गोडं करायचं ठरलं.

पाटकऱ्यानं ऐकून घेतलं. "त्यासले समुद्र तरी शे," तो म्हणाला.

रात्री धुळ्यात शेवभाजी. नाकातून पाणी येईपर्यंत तिखट. मामा दोनदा मागून घेतात, मामींना सांगायचं नाही या अटीवर.

दिवस चौथा : थाळनेर

आग्रा रोडनं सोनगीर, नरडाणा, तापी ओलांडून शिरपूर, तिथून पूर्वेला थाळनेर. चौदाव्या शतकात फारुकी सुलतानांची ही राजधानी. त्यांचे मकबरे अजून आहेत, त्यांतल्या अष्टकोनी मकबऱ्यावरचं कोरीवकाम बघत मी रेंगाळले. मामांना मकबऱ्यांत रस नव्हता. ते सरळ तापीच्या काठाला, किल्ल्याकडं. किल्ला म्हणजे आता दरडीवरची काही पडकी तटबंदी, बाभळी, आणि खाली रुंद नदी.

जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला आणि होळकरांनी खानदेशातली ठाणी सोडली. थाळनेरच्या किल्लेदाराला, तुळशीराम मामाला, हे मान्य झालं नाही. २७ फेब्रुवारीला सर थॉमस हिस्लॉपची फौज आली. दरवाजाशी बोलणी चालू असताना गोंधळ झाला, आत शिरलेले इंग्रज अधिकारी मारले गेले, आणि मग आतली सुमारे तीनशे माणसं कापून काढली गेली. किल्लेदाराला त्याच दिवशी फासावर दिलं. तह झालेला होता, लढाई कागदावर संपलेली होती.

"तहाची बातमी आणि तहाचा पगार, दोन्ही शेवटच्या ठाण्यापर्यंत पोचले पाहिजेत," मामा म्हणाले. आतल्या शिपायांचं पुढं काय होणार, त्यांना कोण ठेवून घेणार, हे त्या तहात कुठंच नव्हतं. सुभेदारांचा मोझांबिकचा बँकेचा हिशेब मला इथं येऊन नीट कळला.

परतताना गावाबाहेर मामांनी गाडी थांबवायला लावली. रस्त्याच्या कडेला एक घरकुल, लिंटलपर्यंत आलेलं. लिंटलच्या वर गजांची टोकं उघडी, गंजलेली. समोर कुडाच्या झोपडीत घरधनीण, पंचेचाळिशीची. मामा खाली उतरले आणि एखाद्या साहेबासारखे भिंतीला ओळंबा लावल्याच्या नजरेनं बघायला लागले. ती घाबरून बाहेर आली. तपासणीवाले समजली असावी.

"नाही हो ताई, आम्ही आपले वाटसरू. कोणता हप्ता अडकलाय?"

तिचा चेहरा बदलला. लिंटलचा. फोटो काढून गेलेत, अॅपवर चढवलाय म्हणतात, खात्यात काही नाही. तिच्या घरकुलाला मंजूर झालेले एक लाख वीस हजार, वर रोजगार हमीतून मजुरी आणि संडासाचे बारा हजार वेगळे. नवरा गुजरातेत तोडीला, ती आणि सासरा मिळून विटा वाहतात. मामांनी गजांना हात लावून बघितला. म्हणाले, आणखी एक पावसाळा असे उघडे ठेवू नका, सिमेंटचं पाणी तरी फासून ठेवा. मग भिंतीच्या एका कोपऱ्यात बोट दाखवलं. तिथं पाया बाहेरच्या बाजूला हातभर पुढं आला होता.

"हे काय?"

"चूल," ती म्हणाली. "नकाशात नाही. पण आत धूर होतो."

मामांनी माझ्याकडं एकदा पाहिलं, बोलले काही नाहीत. मग तिला किलिनोच्चीच्या घरांबद्दल सांगायला लागले. तिकडं पण लढाईनंतर असेच हप्ते होते, आपल्याच सरकारनं दिलेले.

"किती?"

"त्यांचे साडेपाच लाख. आपले तेव्हाचे सव्वादोन-अडीच लाख धरा."

"दुप्पट!" ती म्हणाली. सासऱ्याला हाक मारून तिनं तो आकडा त्यालाही ऐकवला. मग पुन्हा मामांकडं वळली. "आणि वाळू? वाळू भेटायची का त्यांना?"

"नाही. परवाना लागायचा."

"मग कसं केलं?"

मामा तिथल्याच विटांच्या ढिगावर बसले आणि सांगायला लागले. मी गाडी बंद केली.